उमेदवाराला नकार म्हणजे पक्षद्रोह नव्हे : सर्व पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष
आणि शिस्तपालन समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

निवडणूक विधानसभेची असो की नगरपालिकेची, अर्ज मागे घेण्याची मुदत टळली की दोन-तीन दिवसांत आपल्या कार्यालयांतून एक प्रसिद्धिपत्रक निघते. त्यात तालुकावार नावे असतात आणि मजकूर ठरलेला असतो : पक्षविरोधी कारवाया केल्याबद्दल पुढील पदाधिकाऱ्यांना सहा वर्षांसाठी निलंबित करण्यात येत आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत बहुतेक मोठ्या पक्षांनी अशा याद्या काढल्या. एका पक्षाचा बूथवरचा कार्यकर्ता म्हणून मी या याद्या वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यांत दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे एकाच शिक्षेखाली बसवलेली असतात. पहिल्या प्रकारात पक्षाने तिकीट नाकारले म्हणून अपक्ष अर्ज भरणारे आणि त्यांचा उघड प्रचार करणारे येतात. त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. दुसऱ्या प्रकारात असे लोक येतात ज्यांनी कोणाविरुद्ध अर्ज भरला नाही, विरोधकाचे उपरणे गळ्यात घातले नाही, फक्त पक्षाने दिलेल्या उमेदवारासाठी मते मागायला आपण जाणार नाही एवढे तोंडावर सांगितले. हे पत्र या दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे. त्यांना बंडखोर ठरवून आपण पक्षशिस्त वाढवत नाही, उलट पक्षातल्या दगाबाजीला खतपाणी घालता, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कशाच्या आधारावर बनले ते सविस्तर मांडतो.

आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगतो. पक्षाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. एका गावात पक्षाचे काम तरुणपणापासून करणारे एक गृहस्थ आहेत. सभेच्या आधी सतरंज्या अंथरणे आणि सभा संपल्यावर त्या उचलणे यापासून त्यांची सुरुवात झाली. मतदार यादीची त्यांची स्वतःची प्रत असते. तिच्यात कोण कामासाठी सुरतेला आहे, कोणाची मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात गेली तरी नाव इथेच राहिले आहे, कोणत्या म्हातारीला गाडीने आणावे लागते, हे सारे पेन्सिलीने टिपलेले असते. त्या निवडणुकीत अर्ज भरण्याच्या आठवड्यात समोरच्या पक्षातून आलेल्या माणसाला तिकीट मिळाले. याच माणसाने मागच्या निवडणुकीनंतर आमच्या कार्यकर्त्यांवर पोलिसांत तक्रारी केल्या होत्या आणि त्या पोरांच्या तारखा अजून चालू होत्या. या गृहस्थांनी जिल्हाध्यक्षांना एक पानी पत्र दिले. मी पक्षात आहे आणि राहीन, दुसऱ्या कोणाचे काम करणार नाही, पण ज्यांच्यामुळे आमची मुले कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत त्यांच्यासाठी त्याच मुलांच्या आयांकडे मते मागणे माझ्याने होणार नाही, तेव्हा बूथची जबाबदारी दुसऱ्याला द्यावी, असे त्यात होते. पत्रासोबत त्यांनी ती पेन्सिलीच्या खुणांची यादीही दिली, म्हणजे नवीन माणसाचे अडू नये.

त्यांना कारणे दाखवा नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर आली. खुलाशासाठी चोवीस तास होते, पण संध्याकाळीच वृत्तपत्रांना नावे गेली होती. आता त्याच बूथवर दुसरे काय चालले होते ते पाहा. उमेदवाराच्या प्रचारफेरीत पुढच्या जीपमध्ये उभे राहणारे, सभेत पहिल्या रांगेत बसणारे दोन-तीन जण रात्री घरोघर फोन करून या वेळी आपले वेगळे ठरले आहे असे सांगत होते. हे गावात कोणाला माहीत नव्हते असे नाही. मतमोजणीत त्या बूथवर पक्ष मागे पडला तेव्हा खापर फुटले ते पत्र देणाऱ्यावर, आणि फोन करणाऱ्यांपैकी एकाला पुढे तालुक्याचे पद मिळाले. यातून त्या गावातल्या तरुण कार्यकर्त्याने काय शिकावे, याचा आपण शांतपणे विचार करावा. नाराजी असेल तर ती लपव, उपरणे घाल, गुलाल उधळ आणि जे करायचे ते आतून कर, हाच धडा त्याला मिळतो. सर्व पक्षांना गेली कित्येक वर्षे सतावणारी पाडापाडी अशा धड्यांतूनच वाढली आहे.

पक्षाचा अधिकृत उमेदवार मान्य न करण्याची किंमत काय असते, याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण 1969 चे आहे, आणि त्यात महाराष्ट्राची माणसे अगदी मध्यभागी होती. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना जगजीवन राम यांचे नाव हवे होते, तर निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील आणि मोरारजी देसाई यांना नीलम संजीव रेड्डी हवे होते. यशवंतराव चव्हाण यांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार ठरले. त्यानंतरचा आठवडा देशाने श्वास रोखून पाहिला : मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले, त्यांनी राजीनामा दिला, 19 जुलै रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष उमेदवारी जाहीर केली.

या प्रकरणात कोणाला दोष द्यायचा यावर अर्धे शतक उलटूनही मते जुळत नाहीत. माझे मत असे की दोष उघड नकाराचा नव्हता; आधी होकार देऊन मग नकार देण्याचा होता. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांची स्वतःची सही होती. सही केल्यानंतर त्यांनी पक्षाच्या खासदार-आमदारांना रेड्डींना मत देण्याचा आदेश काढायला नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर सदसद्विवेकाप्रमाणे मत द्या असे आवाहन केले. बंगळूरलाच त्यांनी हा उमेदवार मला मान्य नाही आणि मी याच्यासाठी आवाहन करणार नाही असे सांगितले असते, तर पक्षाला महिनाभर आधी कळले असते की आपण कुठे उभे आहोत. दुसऱ्या बाजूनेही सरळ वागणूक झाली नाही. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी बोलणी केली, आणि त्यावरून जगजीवन राम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी त्यांना जाब विचारला. म्हणजे पक्षनिष्ठेचा आग्रह धरणारेच पक्षाबाहेर मते शोधत होते.

त्या निवडणुकीतला तिसरा उमेदवारही आपलाच होता. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी पुढे केलेले चिंतामणराव देशमुख हे तेच, ज्यांनी 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. मंत्रिमंडळाचा निर्णय पटला नाही तर उघड सांगावे आणि खुर्ची सोडावी, हा त्यांचा मार्ग होता. महाराष्ट्राने त्यांना त्याबद्दल कधी गद्दार म्हटले नाही. 1969 मध्ये त्यांना पहिल्या पसंतीची 1,12,769 मूल्याची मते मिळाली. गिरी यांना 4,01,515 आणि रेड्डी यांना 3,13,548 मिळाली, पण पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत नव्हते. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निसटते जिंकले. आजवर दुसऱ्या पसंतीच्या मोजणीवर निकाल लागलेली राष्ट्रपतिपदाची ती एकमेव निवडणूक आहे. 12 नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि पक्ष उभा दुभंगला. ज्यांनी शिस्तीचा दंडुका चालवला त्यांच्या संघटना काँग्रेसला 1971 च्या लोकसभेत 16 जागा मिळाल्या. ज्यांना काढले होते त्यांच्या काँग्रेसला 352.

यशवंतरावांची गोष्ट मात्र मला अधिक जवळची वाटते, कारण ती सामान्य कार्यकर्त्याच्या कोंडीसारखी आहे. त्यांनी मंडळात आपले मत पंतप्रधानांच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्या समोर दिले. निकालानंतर पक्ष फुटू नये म्हणून ऑगस्टमध्ये ऐक्याचा ठराव घडवून आणण्यातही त्यांचाच पुढाकार होता. पक्ष फुटलाच तेव्हा ते इंदिराजींबरोबर राहिले. इतके करूनही जून 1970 मध्ये त्यांच्याकडचे गृहखाते गेले आणि त्यांना अर्थखाते देण्यात आले. त्यांच्यावर कुंपणावर बसल्याची टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. ती मला अन्यायाची वाटते. बैठकीत विरुद्ध मत देणारा आणि बाहेर आल्यावर पक्ष सांधू पाहणारा माणूस कोणत्याही संघटनेला हवाहवासा असायला हवा. आपल्याकडे मात्र त्याच्यावर दोन्हीकडचे लोक संशय घेतात, कारण त्याच्यासाठी आपल्या राजकारणात जागाच ठेवलेली नाही. ज्या रेड्डींवरून एवढे रामायण घडले ते 1977 मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले, हेही येथे लक्षात घ्यावे. ज्या उमेदवारावरून आज माणसे कायमची तोडली जातात, तो उमेदवार आणि त्याचा वाद आठ वर्षांनी कोणाला आठवेल याची शाश्वती नसते.

आघाडी-युतीच्या राजकारणात तर उघड नकार पचवल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. 2007 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. शिवसेनेने युतीत असूनही प्रतिभाताई पाटील यांना मते दिली, कारण मराठी व्यक्ती पहिल्यांदाच त्या पदावर जात होती, आणि हे बाळासाहेब ठाकरे यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. 2012 मध्ये पुन्हा शिवसेनेने युतीतल्या मित्रपक्षाने पाठिंबा दिलेल्या पी. ए. संगमा यांच्याऐवजी प्रणव मुखर्जी यांना मते दिली. दोन्ही वेळा भाजपची नाराजी झाली, पण युती टिकली. 2009 ची विधानसभा दोघांनी एकत्र लढवली. नकार आधी कळला होता, त्याचे कारण कळले होते आणि तो त्या एका निवडणुकीपुरता होता. दोन पक्षांमध्ये जे चालू शकते ते एकाच पक्षातल्या दोन माणसांमध्ये का चालू नये?

आपल्यापैकी काही जण म्हणतील की कायद्यानेच पक्षादेश (व्हिप) बंधनकारक केला आहे. तसे नाही. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, पक्षादेशाचे बंधन सभागृहातल्या मतदानापुरतेच घालते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश काढताच येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत 2003 पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर 2006 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की तेथे पक्षाच्या इच्छेविरुद्ध मत दिल्याने आमदारकी जात नाही. सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्यालासुद्धा पंधरा दिवसांत माफ करण्याची मुभा दहाव्या अनुसूचीने पक्षाला दिली आहे. रवी नाईक यांच्या गोव्यातील प्रकरणात न्यायालयाने 1994 मध्ये असे म्हटले की राजीनामा न देताही केवळ वर्तनावरून सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. तो निकाल आपण सारखा पुढे करता. परंतु दुसऱ्या गोटात जाऊन उभे राहणे हे एक वर्तन आहे आणि आपल्या गोटात राहून एका उमेदवाराबाबत गप्प बसणे हे दुसरे. या दोहोंना एकाच मापाने मोजावे असे मला त्या निकालात कुठे दिसत नाही. आणि बूथवरच्या कार्यकर्त्याला तर यातले काहीच लागू नाही. त्याच्यावर चालते ती केवळ आपल्या पक्षाची घटना, आणि ती बदलणे आपल्या हातात आहे.

गुप्त मतदानात काय होते तेही आपण जाणता. 20 जून 2022 रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीत काँग्रेसने पहिल्या पसंतीचे उमेदवार म्हणून चंद्रकांत हंडोरे यांना ठेवले होते. पक्षाकडे त्यांना निवडून आणण्याएवढे आमदार होते, तरी ते पराभूत झाले आणि पक्षाचे दुसरे उमेदवार भाई जगताप निवडून आले. कोणाची मते फुटली हे जाहीरपणे सिद्ध झाले नाही. एका मागासवर्गीय ज्येष्ठ नेत्याचा असा पराभव करणाऱ्यांपैकी एकानेही आधी उठून मला हा क्रम मान्य नाही असे म्हटले नव्हते. जुलै 2024 मध्ये पुन्हा तसेच झाले आणि त्या वेळी शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले. ज्या पक्षात जाहीर नकाराला शिक्षा आहे आणि गुपचूप दग्याला नाही, तेथे मतपेटी उघडल्यावरच खरे काय ते कळते. मला येथे एकाच पक्षाकडे बोट दाखवायचे नाही. उदाहरण ताजे आणि सर्वांना ठाऊक असलेले आहे म्हणून घेतले.

आता अमेरिकेकडे थोडे पाहू, कारण उमेदवाराला पाठिंबा न देण्याचा प्रश्न तेथे सर्वाधिक गाजला. जुलै 2016 मध्ये क्लीव्हलँडला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात टेक्ससचे सिनेटर टेड क्रूझ यांनी भरसभेत भाषण केले, पण डोनाल्ड ट्रम्प यांना मत द्या असे म्हटले नाही. सदसद्विवेकाप्रमाणे मत द्या असे म्हटले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या राज्याच्या प्रतिनिधींना सांगितले की माझ्या पत्नीवर आणि वडिलांवर चिखलफेक करणाऱ्याला पाठिंबा देण्याची मला सवय नाही. दोनच महिन्यांनी, 23 सप्टेंबरला, त्यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक मात्र आपल्याच राज्यातल्या त्या अधिवेशनाच्या सभागृहात गेले नाहीत, आणि शेवटपर्यंत बधले नाहीत. अ‍ॅरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक यांनीही पाठिंबा दिला नाही, आणि 2017 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उभे राहणार नसल्याचे सांगितले, कारण पक्षाच्या मतदारांपुढे आपला निभाव लागणार नाही हे त्यांना दिसत होते.

या तिघांपैकी कोणालाही पक्षाने सहा वर्षांसाठी निलंबित केले नाही. तसे करण्याची यंत्रणाच तेथे नाही. किंमत मोजावी लागली ती मतदारांकडे. पण मला यातला अधिक महत्त्वाचा धडा वेगळाच वाटतो. ट्रम्प यांना उमेदवारी त्यांच्या पक्षाच्या लाखो साध्या सदस्यांनी आणि मतदारांनी, राज्याराज्यांत महिनोन्महिने चाललेल्या प्राथमिक मतदानातून दिली होती. क्रूझ आणि केसिक त्या स्पर्धेत स्वतः होते आणि हरले होते. पराभूत झाल्यास विजेत्याला पाठिंबा देऊ असे वचनही स्पर्धेतल्या उमेदवारांकडून घेतलेले होते. तेव्हा त्यांनी नकार दिला तर तुम्ही आम्हा सदस्यांचा निर्णय मानत नाही, असे त्यांच्या पक्षाचा माणूस त्यांना विचारू शकत होता आणि त्या प्रश्नात वजन होते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? आपला उमेदवार कसा ठरतो ते आपल्यापेक्षा चांगले कोण जाणतो. मुलाखतींचा एक दिवस असतो, तीत इच्छुकांची गर्दी होते, सर्वेक्षण झाल्याचे सांगितले जाते, यादी मुंबईहून दिल्लीला जाते, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ज्याच्या नावाने पोहोचतो तो पक्षाचा उमेदवार. एकाच जागेसाठी दोघांना फॉर्म दिल्याचे आणि तहसील कचेरीच्या दारात त्यावरून झटापट झाल्याचे प्रकार राज्याने पाहिले आहेत. त्या मतदारसंघातल्या सदस्यांना कोणी एका शब्दाने विचारलेले नसते. विधी आयोगाने 1999 च्या आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली होती. ती आजही कागदावरच आहे. ज्या निर्णयात सदस्याला वाटा दिला नाही, तो निर्णय शिरसावंद्य मानण्याचा आग्रह त्याच्याकडे तितक्याच कठोरपणे धरता येणार नाही. उमेदवार निवडताना जेवढे विचाराल तेवढीच निष्ठा मागा, असे माझे आपल्याला आवर्जून सांगणे आहे. ज्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष मतदारसंघातल्या क्रियाशील सदस्यांचे गुप्त मतदान घेऊन उमेदवार ठरवतील, त्या पक्षात नकार देणाऱ्याला कडक जाब विचारण्याचा त्यांचा अधिकार मी पहिल्यांदा मान्य करीन.

शिस्तीची गरज मला कळत नाही असे कृपया समजू नये. 1995 ची विधानसभा माझ्या पिढीने जवळून पाहिली. त्या निवडणुकीत 45 अपक्ष निवडून आले आणि त्यांत काँग्रेसचे तिकीट न मिळालेले बंडखोर मोठ्या संख्येने होते. काँग्रेस 80 जागांवर अडली, शिवसेनेला 73 आणि भाजपला 65 जागा मिळाल्या, आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार आले. पक्षाचे चिन्ह सोडून जो तो उभा राहू लागला तर मतदाराने कोणाला मत द्यावे हेच कळेनासे होते. नकार ही सौदेबाजीची चाल होऊ शकते, हेही मान्य आहे. अर्ज मागे घेण्याच्या आदल्या रात्री नाराज व्हायचे आणि महामंडळाचा शब्द मिळाला की थंड व्हायचे, हे बंडोबांचे थंडोबा होणे राज्याला नवे नाही. जातीवरून उमेदवार नाकारणारेही असतात, आणि त्यांच्या नकाराला मी सदसद्विवेक म्हणणार नाही. म्हणूनच नकाराला मोकळे रान द्यावे असे मी म्हणत नाही. त्याला नियम असावा.

सांगलीत 2024 च्या लोकसभेला जे घडले त्यावरून हा नियम का हवा ते समजेल. महाविकास आघाडीत ती जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली आणि महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी जिंकले. निवडून आल्यावर त्यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले आणि त्यांचे स्वागत झाले. मला त्यांच्या विजयाविषयी काही म्हणायचे नाही, तो सांगलीकरांचा कौल होता. पण अधिकृत उमेदवाराविरुद्ध प्रत्यक्ष उभा राहून जिंकलेल्याला दार उघडे, आणि कोणाविरुद्ध उभा न राहता गप्प बसलेल्या बूथप्रमुखाला सहा वर्षे दार बंद, हा व्यवहार सर्वच पक्षांत चालतो. जिंकला तर आपला आणि हरला तर गद्दार, ही शिस्त नव्हे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेत उमेदवारास पाठिंबा न देण्याची एक रीतसर तरतूद करावी. सदस्याने आपला नकार अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आत, लेखी आणि कारणासह जिल्हाध्यक्षांकडे द्यावा. त्याने दुसऱ्या कोणाचा प्रचार करू नये, स्वतः उभे राहू नये, आणि हातातले काम व कागदपत्रे दुसऱ्याकडे सोपवावीत. त्या निवडणुकीपुरते त्याने पद सोडावे, आणि हवे असल्यास पुढचे वर्षभर त्याला पद देऊ नये. तत्त्वासाठी नकार देणारा माणूस एवढी किंमत आनंदाने देईल, आणि केवळ सौदा करू पाहणारा एवढ्यानेच मागे सरेल. पण त्याचे सदस्यत्व जाऊ नये, त्याचे नाव वृत्तपत्रांत पक्षविरोधी म्हणून छापून येऊ नये, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट मागण्याचा अधिकार इतरांइतकाच राहावा. कारणांमध्ये उमेदवाराची जात, धर्म किंवा लिंग आले तर तो नकार ग्राह्य धरू नये. आणि तालुक्यातल्या एकतृतीयांश क्रियाशील सदस्यांनी एकाच उमेदवाराबाबत असे लेखी नकार दिले, तर प्रदेश समितीने त्यावर बैठक घेऊन काय ठरवले ते त्या सदस्यांना लेखी कळवावे. एवढ्या जणांचा नकार ही उमेदवार चुकल्याची सूचना असते. ती मतमोजणीच्या दिवशी मिळण्यापेक्षा आधी मिळालेली पक्षाच्याच हिताची आहे.

शिस्तपालन समित्यांनीही आपली कार्यपद्धती बदलावी. नोटीस देणे, खुलासा मागवणे, म्हणणे ऐकणे आणि मग निर्णय घेणे हा क्रम आपल्याच घटनांमध्ये लिहिलेला असतो, तो निवडणुकीच्या धामधुमीत गुंडाळला जाऊ नये. निवडणुकीनंतर बूथनिहाय आकडे समोर असतात, तेव्हा पुढच्या जीपमध्ये उभे राहून मागून फोन करणाऱ्यांची चौकशी करण्याची हिंमत समित्यांनी दाखवावी. ते काम कठीण आहे, पुरावा सहज मिळत नाही आणि गुंतलेले लोक वजनदार असतात, हे मी जाणतो. पण पत्र देऊन बाजूला होणाऱ्याला शिक्षा करणे सोपे आहे म्हणून तेवढेच करत राहिल्याने पक्षातला दगा थांबलेला नाही.

शेवटी एक तातडीची विनंती. गेल्या काही निवडणुकांत आपल्या पक्षातून निलंबित झालेल्यांच्या याद्या आपल्या कार्यालयांत आहेत. त्यांतून ज्यांनी अर्ज भरला नव्हता आणि ज्यांनी दुसऱ्याचा प्रचार केला नव्हता अशांची नावे जिल्हावार वेगळी काढावीत, त्यांना एकदा बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि जेथे केवळ नकार एवढाच दोष आढळेल तेथे निलंबन मागे घेतल्याचे पत्र द्यावे. ते पत्र त्यांच्या घरी टपालाने पाठवावे आणि त्याची प्रत, मूळ यादी ज्या वृत्तपत्रांना पाठवली होती, त्याच वृत्तपत्रांना द्यावी.

आपला नम्र,
बूथवर काम केलेला एक पक्ष सदस्य